रोमन सैनिकाची साधनसामग्री कशी निवडावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या काळातील पोशाख, शस्त्रे आणि राहणी पुराव्याबरहुकूम उभी करून लोकांसमोर मांडण्याचा छंद, म्हणजेच रीएनॅक्टमेंट, युरोपात चांगला रुजला आहे. रोमन सैन्य सादर करणाऱ्या गटांमध्ये इंग्लंडमधील ‘अर्मिन स्ट्रीट गार्ड’ हा १९७२ पासूनचा गट विशेष प्रसिद्ध आहे. ब्रिटन, जर्मनी किंवा अमेरिकेत राहणाऱ्या आणि अशा गटात शिरू पाहणाऱ्या मराठी वाचकांच्या मनात येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. इ.स. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धातील पायदळ सैनिक, म्हणजे लीजनचा (रोमन पायदळाच्या मोठ्या पलटणीचा) शिपाई, डोळ्यांसमोर ठेवून उत्तरे दिली आहेत, कारण बाजारात मिळणारा बहुतेक माल त्याच काळाचा असतो किंवा निदान तसा असल्याचे सांगितले जाते.

सुरुवात कशापासून करावी? आधी शिरस्त्राण घ्यावे की चिलखत?

दोन्ही नको. आधी साल, प्रांत आणि पलटण ठरवावी. रोमचे सैन्य काही शतके अस्तित्वात होते आणि त्या अवधीत ढालीचा आकार, तलवारीची लांबी, शिरस्त्राणाची घडण हे सगळे अनेकदा बदलले, त्यामुळे साल न सांगता नुसता ‘रोमन सैनिक’ उभा करू म्हणणे म्हणजे शिवकालीन मावळा आणि पानिपतावरचा हुजुरातीचा स्वार यांना एकाच अंगरख्यात कोंबण्यासारखे आहे. ‘इ.स. ७५ च्या सुमारास, वेल्समधील कार्लियनच्या छावणीतला, दुसऱ्या ऑगस्टा लीजनचा शिपाई’ एवढे वाक्य कागदावर लिहिले की दुकानातील निम्म्याहून अधिक वस्तू आपोआप बाद होतात आणि पैसे वाचतात.

दुसरी गोष्ट अशी की, ज्या गटात जायचे आहे त्याची नियमावली हाती येईपर्यंत काहीही विकत घेऊ नये. बहुतेक चांगल्या गटांकडे मान्य आणि अमान्य वस्तूंची यादी असते, काही गट नवख्यांना पहिल्या हंगामात गटाच्या मालकीचे सामान वापरायला देतात आणि ‘हे चालेल का?’ या प्रश्नावर अखेरचा शब्द तेथील सामानाची तपासणी करणाऱ्या माणसाचा असतो.

‘अस्सल प्रतिकृती’ म्हणजे नेमके काय?

जिच्यामागे एखादी प्रत्यक्ष सापडलेली वस्तू दाखवता येते, ती अस्सल प्रतिकृती. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा : ही कोणत्या उत्खननातील, कोणत्या संग्रहालयातील वस्तूवरून केली आहे? ‘माइन्त्सजवळच्या वाइझेनाउ येथील शिरस्त्राणावरून’ असे उत्तर आले तर पुढे बोलणे करावे. ‘सगळे सिनेमावाले आमच्याकडूनच नेतात’ असे उत्तर आले तर नमस्कार करून निघावे.

त्यानंतर साहित्य पाहावे. रोमन लोकांकडे लोखंड, पितळ, कांसे, कथिल, लोकर, जवसाच्या तंतूंचे लिनन, लाकूड, हाड आणि चामडे होते. स्टेनलेस स्टील, अॅल्युमिनियम, क्रोमचा मुलामा आणि नायलॉनचा दोरा नव्हता. सौम्य पोलादाचा कारखान्यात लाटलेला पत्रा मात्र जवळजवळ सर्वत्र चालवून घेतला जातो, कारण हाताने ठोकून काढलेला लोखंडी पत्रा कोणाच्याही खिशाला परवडणारा नाही. तडजोड कोठे केली आहे हे आपल्याला माहीत असावे आणि प्रेक्षकाने विचारले तर सांगता यावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

रोममधील ट्राजनच्या स्तंभावरची शिल्पे पाहून पोशाख ठरवला तर?

इ.स. ११३ मध्ये उभा राहिलेला हा स्तंभ सम्राट ट्राजनने डेशियात, म्हणजे आजच्या रुमानियाच्या भूभागात, केलेल्या युद्धांची कथा सांगतो आणि त्यावर लीजनचे शिपाई पट्ट्यांच्या चिलखतात, तर साहाय्यक पलटणींचे लोक कड्यांच्या चिलखतात अगदी नीटनेटके वेगळे दाखवले आहेत. अडचण अशी की, त्याच युद्धांच्या स्मरणार्थ इ.स. १०९ मध्ये आजच्या रुमानियातील आदामक्लिसी येथे उभारलेल्या स्मारकावर लीजनचे शिपाई कड्यांच्या आणि खवल्यांच्या चिलखतात आहेत, त्यांच्या तलवारीच्या हातावर पट्ट्यांचे बाहुत्राण आहे आणि पायांवर नडगीरक्षक आहेत. स्तंभ राजधानीतील कसबी शिल्पकारांनी घडवला आणि आदामक्लिसीचे काम ओबडधोबड आहे, पण ते सरहद्दीवर, सैन्याच्या सान्निध्यात झालेले आहे. माझा कल आदामक्लिसीकडे आहे.

शिल्पापेक्षा उत्खननातील वस्तू आणि सैनिकांच्या थडग्यांवरील कोरीवकाम यांवर अधिक विसंबावे. माइन्त्स, बॉन, कोल्चेस्टर येथील थडग्यांच्या शिळांवर पट्टा, कट्यार, तलवारीचे लटकणे अशा बारीकसारीक गोष्टी आश्चर्य वाटावे इतक्या तपशिलाने कोरलेल्या आहेत.

चिलखत पट्ट्यांचे घ्यावे की कड्यांचे?

पट्ट्यांचे चिलखत, म्हणजे लोरिका सेगमेंटाटा, पाहताक्षणी ‘रोमन’ वाटते, म्हणून नवखा माणूस त्याकडेच धावतो. याबद्दलची आपली समज बरीचशी एका शोधावर उभी आहे. १९६४ साली इंग्लंडच्या उत्तरेला, हेड्रियनच्या भिंतीजवळच्या कॉर्ब्रिज येथे लोखंडी बांधणीची एक लाकडी पेटी सापडली आणि तिच्यात अशा चिलखतांचे बरेच भाग निघाले. त्याआधी शिल्पांवरून तर्क लढवले जात आणि पट्ट्या चामड्याच्या अंगरख्यावर शिवलेल्या असाव्यात असेही काही जण म्हणत. टॉवर ऑफ लंडनच्या शस्त्रागारातील एच. रसेल रॉबिन्सन यांनी या भागांवरून दाखवून दिले की, पट्ट्या आतल्या बाजूने चामड्याच्या वाद्यांवर रिव्हेटने जडवलेल्या असतात आणि त्या एकमेकींवर सरकतात. आज मिळणाऱ्या बहुतेक प्रतिकृती याच मांडणीच्या वंशातल्या आहेत.

येथे साल पुन्हा आडवे येते. इ.स. ९ मधील, जर्मन टोळ्यांशी झालेले टॉयटोबर्गच्या जंगलातील युद्ध सादर करायचे असेल तर कॉर्ब्रिज पद्धतीचे चिलखत चालणार नाही. त्यासाठी जर्मनीतील कालक्रीझ येथे मिळालेली आधीची पद्धत पाहावी, जिथे २०१८ साली जवळजवळ संपूर्ण चिलखत हाती लागले. दुसऱ्या शतकाच्या मध्यानंतरचा सैनिक हवा असेल तर स्कॉटलंडमधील न्यूस्टेड येथील पद्धत घ्यावी. इ.स. ७५ साठी कॉर्ब्रिजच योग्य.

विकत घेताना चिलखत अंगावर चढवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. स्वस्त प्रतींचा नेहमीचा दोष म्हणजे त्या फार लांब असतात. पोटावरच्या पट्ट्या कमरेपाशी संपायला हव्यात. त्या कुल्ह्यावर उतरत असतील तर वाकताना खालची पट्टी मांडीत रुतते आणि खांद्याचा भाग वर उचलला जाऊन हनुवटीला लागतो. आतल्या वाद्या हाताने ताणून पाहाव्यात, कारण सगळा भार त्यांच्यावर असतो आणि पातळ वाद्या एका हंगामात रिव्हेटपाशी फाटतात. पितळी बिजागऱ्या आणि बकला तुटल्या तर निराश होऊ नये. कॉर्ब्रिजच्या पेटीतील चिलखतांवरही तुटलेले सांधे साध्या रिव्हेटने कसेबसे जोडल्याच्या खुणा आहेत. त्या काळच्या शिपायालाही हाच ताप होता. व्यवस्थित केलेली अशी डागडुजी मला कोऱ्या करकरीत चिलखतापेक्षा खरी वाटते.

कड्यांचे चिलखत, लोरिका हमाटा, रोमच्या प्रजासत्ताकापासून साम्राज्याच्या अखेरीपर्यंत वापरात होते, त्यामुळे पुढे काळ बदलायचा झाला तरी ते वाया जात नाही. त्यात एक आडवी ओळ अखंड कड्यांची आणि पुढची ओळ रिव्हेटने बंद केलेल्या कड्यांची अशी रचना असते. नुसती टोके जुळवून वाकवलेल्या कड्यांचे जे स्वस्त चिलखत मिळते ते पहिल्याच ओढाताणीत उसवते आणि गंभीर गटांत ते स्वीकारले जात नाही. कडीचा व्यासही मोजावा : सापडलेल्या कड्या बहुधा सहा-सात मिलिमीटरच्या, काही त्याहून बारीक आहेत, तर बाजारात नऊ-दहा मिलिमीटरच्या कड्या सर्रास खपवल्या जातात. असे चिलखत दहा किलोच्या घरात जाते. कमरेला पट्टा आवळून थोडे चिलखत त्यावर ओढून घेतले की खांद्यांवरचा बराच भार कमरेवर येतो. पट्ट्यांचे असो वा कड्यांचे, आत जाड भरीव अंगरखा हवाच.

चामड्याचे चिलखत आणि मनगटावरचे चामडी पट्टे चालतील का?

नाही. ही चित्रपटांची देणगी आहे. लीजनच्या शिपायासाठी दोहोंनाही आधार नाही.

शिरस्त्राण निवडताना काय पाहावे?

शिरस्त्राणांची रॉबिन्सन यांनी केलेली वर्गवारी इंग्रजी जगात रूढ आहे, म्हणून विक्रेते ‘इंपीरियल गॅलिक जी’, ‘इंपीरियल इटालिक डी’ अशी नावे देतात. जर्मन अभ्यासक तीच शिरस्त्राणे वाइझेनाउ या स्थळनामाने ओळखतात. इ.स. ७५ साठी इंपीरियल गॅलिक गटातील एखादे लोखंडी शिरस्त्राण उत्तम. डोक्यावर एकमेकांना छेदणाऱ्या दोन आडव्या-उभ्या पट्ट्या असतील तर ते घेऊ नये. ही मजबुती डेशियाच्या युद्धांच्या सुमारास, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या आरंभी दिसू लागते.

माप घेताना डोक्याच्या घेरात आतल्या लोकरीच्या नमद्याची जाडी धरावी. मानेवरचा पत्रा मानेला टेकता कामा नये आणि गालपट्टे हनुवटीखाली जवळजवळ जुळावेत. गालपट्टे बाहेरच्या बाजूला पंखासारखे फाकलेले असतील तर शिरस्त्राण आपल्या चेहऱ्यासाठी रुंद आहे. नमदा कितीही भरला तरी हा दोष जात नाही. तुरा लावणे ऐच्छिक आहे. साध्या शिपायाचा तुरा पुढून मागे असतो, कानापासून कानापर्यंत आडवा असतो तो सेंच्युरियनचा, म्हणजे शिपायांच्या तुकडीच्या नायकाचा. ऑस्ट्रियातील कार्नुंटम येथे टायटस कॅलिडियस सेव्हेरस या सेंच्युरियनच्या थडग्यावर असे आडव्या तुऱ्याचे शिरस्त्राण कोरलेले आहे.

ढाल स्वतः बनवता येते का?

येते, आणि बनवावीच. सगळ्या सामानात घरी करण्याजोगी ही सर्वांत सोयीची वस्तू आहे. अर्धनळकांडी आकाराची एकच ढाल आजवर जवळजवळ पूर्ण अवस्थेत मिळाली आहे. ती सीरियातील डुरा-युरोपोस येथे सापडली, आता अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहे आणि २०२४ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील रोमन सैन्यावरील प्रदर्शनात ठेवली होती. तिची उंची साधारण १०५ सेंटिमीटर असून पातळ लाकडी पट्ट्यांचे तीन थर आडवे-उभे चिकटवून ती केलेली आहे. पातळ प्लायवुडचे थर साच्यावर वाकवून आणि सरस लावून हीच रचना साधता येते. मात्र ही ढाल तिसऱ्या शतकातील आहे. तिची बांधणी घ्यावी, तिच्यावरचा सिंह आणि विजयदेवता पहिल्या शतकाच्या ढालीवर उतरवू नयेत.

मूठ आडवी, मधल्या लोखंडी किंवा पितळी वाटीच्या मागे असते आणि ती एकाच हाताने, हात सरळ खाली सोडून धरायची असते. कोपराजवळ अडकवायचा पट्टा असलेली ढाल परत करावी. ढालीवरच्या चित्राबद्दल वाद बरेच आहेत, कारण पहिल्या शतकातील कोणत्या लीजनचे चिन्ह ढालीवर नक्की कसे होते याचा थेट पुरावा फारसा नाही. स्तंभावरील शिल्पांत दिसणारे पंख आणि विजेचे अस्त्र सर्वत्र चालते. एस.पी.क्यू.आर. (‘रोमची सिनेट आणि जनता’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे) ही अक्षरे ढालीवर मोठ्या अक्षरांत रंगवण्याचा मोह टाळावा.

तलवार कोणती, आणि ती बाळगणे कायदेशीर आहे का?

पहिल्या शतकाच्या मध्यापर्यंत माइन्त्स पद्धतीची, मध्ये किंचित निमुळती आणि लांब टोकाची तलवार दिसते; त्यानंतर समांतर कडांची, आखूड टोकाची पॉम्पेई पद्धत येते. आपल्या इ.स. ७५ च्या शिपायाला पॉम्पेई पद्धत शोभते. पाते साधारण अर्ध्या मीटरचे, कधी त्याहूनही आखूड असते. हातात घेतल्यावर ती चपळ वाटली पाहिजे. स्वस्त प्रतीचे पाते मुठीपासून टोकापर्यंत एकाच जाडीचे ठेवलेले असते, त्यामुळे तलवार पहारेसारखी जड होते. पात्याचा दांडा मुठीतून आरपार जाऊन लाकडी बोंडावर ठोकून पसरवलेला असावा. बोंडावर स्क्रू किंवा नट दिसला तर ती भिंतीवर टांगण्याची वस्तू समजावी. शिपायाची तलवार उजव्या कुशीला, कट्यार डावीकडे लटकते. सेंच्युरियनचे उलट.

कार्यक्रमात धार नसलेली, गोल टोकाची तलवारच वापरू दिली जाते. भारतात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्रविषयक कायद्याच्या कक्षेत येतात, म्हणून ऑर्डर देतानाच ‘बिनधारी’ असे लेखी नमूद करावे आणि स्थानिक नियम पोलीस ठाण्यात विचारून घ्यावेत. परदेशात त्या त्या देशाचा कायदा पाहावा. विमानाने नेताना ती केबिनमध्ये नेता येत नाही.

पायात कोल्हापुरी चपला घातल्या तर?

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शिपायाची पादत्राणे, म्हणजे कॅलिगे, वरचा भाग एकाच चामड्यातून पट्ट्यांच्या आकारात कापून, अनेक थरांचा तळ लावून आणि त्यात लोखंडी खिळे ठोकून केलेली असत. त्यामुळे तयार कोल्हापुरी चप्पल त्यांची जागा घेऊ शकत नाही. परंतु चामडे पाहिले तर गोष्ट वेगळी. बाजारातील स्वस्त कॅलिगे बहुधा क्रोमने कमावलेल्या मऊ, रंग चढवलेल्या चामड्याच्या असतात, तर कोल्हापुरीचे चामडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले असते. रोमन चामडेही वनस्पतींनीच कमावलेले होते. चांगल्या कारागिराला माइन्त्स येथील नमुन्याचा कागदी आराखडा आणि आपल्या पायाचे माप दिले, तर तो आयात मालापेक्षा सरस वरचा भाग कापून देईल; खिळे वेगळे मागवावे लागतील.

खिळ्यांचे तळ गवतावर आणि मातीत उत्तम पकड देतात, पण गुळगुळीत फरशीवर जीवघेणे ठरतात. जेरुसलेमच्या वेढ्याचे वर्णन करताना इतिहासकार जोसेफस हा ज्युलिएनस नावाच्या सेंच्युरियनची हकिकत सांगतो : मंदिराच्या आवारात एकटाच शत्रूला मागे रेटत असताना खिळ्यांच्या पादत्राणांमुळे तो फरशीवर घसरून पडला आणि तेथेच मारला गेला. संग्रहालयाच्या दालनात किंवा शाळेच्या सभागृहात कार्यक्रम असेल तर आधी विचारून घ्यावे. बहुतेक ठिकाणी फरशी खराब होईल म्हणूनच मनाई असते.

थंडीत मोजे घालायला हरकत नाही. उत्तर इंग्लंडमधील व्हिंडोलांडा येथे सापडलेल्या लाकडी पत्रांपैकी एकात कोणा सैनिकाला मोजे, दोन जोड चपला आणि दोन अंतर्वस्त्रे पाठवल्याचा उल्लेख आहे. मोजे लोकरीचेच हवेत.

अंगरखा तांबडा की पांढरा?

यावर भांडणे होतात, म्हणून गटाचा जो रंग असेल तो मुकाट्याने घ्यावा. पुरावा दोन्ही बाजूंना आहे. इ.स. १३८ मधील इजिप्तच्या एका पपायरसात कॅपॅडोशियातील सैन्यासाठी विणकरांना दिलेली मागणी नोंदलेली आहे आणि तिच्यात साडेतीन हात लांब, तीन हातांहून थोडा अधिक रुंद असा पांढरा अंगरखा सांगितला आहे. रंगापेक्षा ही रुंदीच महत्त्वाची आहे. रोमन अंगरखा म्हणजे दोन मोठे चौकोन खांद्यांवर आणि कुशीत शिवलेले; पट्टा बांधल्यावर कापड कमरेवर फुगते आणि दंडावर आपोआप बाहीसारखे पडते. अंगाबरोबर बेतलेला, बाह्या जोडलेला टी-शर्टाच्या आकाराचा अंगरखा शंभर पावलांवरूनही खोटा दिसतो. कापड लोकरीचे असावे, सुती नको. तांबडा हवा असेल तर मंजिष्ठेच्या विटकरी छटेकडे झुकणारा घ्यावा, भडक गुलाली नव्हे.

पट्ट्यावर इतका खर्च का करायचा?

कारण चिलखत उतरवून छावणीत वावरताना सैनिकाची ओळख पट्ट्यानेच होत असे. सम्राट ऑगस्टस चुकलेल्या सेंच्युरियनना दिवसभर सेनापतीच्या तंबूसमोर बिनपट्ट्याच्या अंगरख्यात उभे करी, असे रोमन चरित्रकार सुएटोनियसने लिहिले आहे. यावरून पट्टा नसणे किती लाजिरवाणे होते ते कळते. पितळी पट्ट्यांवर कथिलाचा मुलामा असला तर उत्तम. पुढे लोंबणाऱ्या जडित वाद्या चालताना खुळखुळतात, आणि मला तरी तो आवाज शिरस्त्राणापेक्षा अधिक रोमन वाटतो.

मेरठ-डेहराडूनकडे बनलेला माल कसा असतो?

युरोप-अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रोमन सामानाचा मोठा भाग भारतात, विशेषतः मेरठ आणि डेहराडून परिसरात तयार होतो, ही बाब अनेक मराठी वाचकांना ठाऊक नसते. येथील कारागिरांचा हात वाईट नाही. फरक पडतो तो ग्राहकाने काय मागितले यावर. आयातदाराने स्वस्तातला नमुना मागितला की क्रोमचे चामडे, जाड पाते आणि एकाच मापाची चिलखते मिळतात. तोच कारागीर नेमकी मापे आणि छायाचित्रे दिली तर पुरेसे चांगले काम करतो. भारतात राहणाऱ्याने म्हणून तयार यादीतून न घेता मोजमापांसह मागणी नोंदवावी आणि माल रवाना होण्यापूर्वी जोडणीची जवळून काढलेली छायाचित्रे मागवावीत. कडीच्या रिव्हेटचे, तलवारीच्या बोंडाचे आणि चिलखताच्या आतल्या बाजूचे छायाचित्र न देणाऱ्याकडून काही घेऊ नये.

पैसे थोडे आहेत. क्रम कसा लावावा?

अंगरखा, पादत्राणे आणि पट्टा आधी. एवढ्यावर छावणीतला, कामावर असलेला शिपाई पूर्ण होतो आणि तो कार्यक्रमात लगेच उभा राहू शकतो. त्यानंतर घरी केलेली ढाल आणि शिरस्त्राण. तलवार व कट्यार त्यानंतर, चिलखत अखेरीस. गटातील जुने सभासद सामान बदलताना विकतात, ते घेणे बहुधा फायद्याचे ठरते, कारण त्या वस्तू एकदा तपासणीतून गेलेल्या असतात.

थेट सेंच्युरियन होता येईल का?

पैसे असले तरी बहुतेक गट होऊ देत नाहीत. आदेश द्यायला कवायत यावी लागते.

गंज कसा आवरावा?

प्रत्येक वापरानंतर पुसून, पातळ तेलाचा किंवा मेणाचा हात द्यावा. पट्ट्यांच्या चिलखतात घाम पट्ट्यांच्या आड साचतो आणि गंज तेथेच धरतो, म्हणून ते उभे टांगून पट्ट्या सुट्या ठेवाव्यात. कड्यांचे चिलखत कोरड्या वाळूबरोबर डब्यात घालून लोळवले की साफ होते. मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्यांनी पावसाळ्याआधी तेलाचा जाड थर द्यावा आणि लोखंड चामड्यापासून वेगळे ठेवावे, कारण दमट चामड्याला लागलेले लोखंड आधी गंजते आणि चामड्यावर बुरशी येते. तलवार म्यानात ठेवून कपाट बंद करू नये. लाकडी म्यान ओल धरते. पावसाळ्यात पाते बाहेर काढून, तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवावे आणि म्यान वेगळे सुकू द्यावे.